आधी काम ठरवा, मग जर्मन: सातपूर-अंबडच्या इंजिनिअरांसाठी

"ताई, बी२ पूर्ण करतो आणि मग जर्मनीत अप्लाय करायला घेतो." नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या जर्मनच्या वर्गात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं अर्धं वाक्य मीच पूर्ण करते. (जर्मनच्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या पातळ्या असतात, बी२ ही चौथी.) बोलणारा बहुधा सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला किंवा ऑटोमेशनला असतो, फर्स्ट शिफ्ट करून चहा पिऊन तसाच आलेला असतो. त्याच्या हिशेबात जर्मन ही एक परीक्षा, आणि नोकरी ही तिच्या निकालानंतरची गोष्ट.

मी अंबडला कंट्रोल पॅनेल आणि पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरचं काम करायचे. तिथून श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात, मशीन बांधणाऱ्या कंपनीत गेले. सासऱ्यांच्या आजारपणात परत आले. आता दिवसा त्याच कंपनीचं काम घरून करते आणि संध्याकाळी शिकवते. सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं. भाषा आणि नोकरी एकामागून एक करू नका. आधी काम ठरवा, त्या कामाला कोणती जर्मन लागते ते जाहिरातींतून काढा, आणि ती शिका.

काम कुठलं

"आयटी" असं सरसकट म्हणू नका. बर्लिन किंवा म्युनिकच्या सॉफ्टवेअर कंपनीत, जिथे एकेका टीममध्ये सात-आठ देशांची माणसं असतात, तिथे काम इंग्रजीत चालतं. बॅकएंड, क्लाउड, डेटा यांत चार-पाच वर्षं काढलेल्याची निवड तिथे जवळजवळ जर्मनशिवाय होऊ शकते. त्याने जर्मन शिकावी ती घरमालकाशी आणि डॉक्टरशी बोलायला. मात्र त्या जागेसाठी बंगळूरूपासून साओ पावलोपर्यंत सगळे रांगेत असतात.

आपल्याकडच्या पोरांची ताकद वेगळी आहे. सातपूरच्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, सर्कल अजून मायको सर्कलच राहिलं. त्या सर्कलच्या पलीकडे ज्यांची नोकरीची वर्षं गेली, त्यांनी मशीन हाताने उघडलेली असते. सेन्सर खोटा सिग्नल देतोय की प्रोग्राम गंडलाय, हे रात्री अडीच वाजता, सुपरवायझर डोक्यावर उभा असताना ठरवलेलं असतं. हा अनुभव जर्मनीत मशीन बांधणाऱ्या मध्यम कंपन्यांना हवा असतो. अशा कंपन्या बाडेन-व्युर्टेमबर्ग, बव्हेरिया, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्यांत लहान-लहान गावांत पसरल्यात. दीडशे-दोनशे माणसं, मालक तिसऱ्या पिढीतला. तिथला फिटर इंग्रजी बोलत नाही, आणि त्याने का बोलावी? ड्रॉइंगवरच्या टिपा जर्मन, जुन्या प्रोग्राममधल्या कॉमेंटसुद्धा जर्मन. तिथे बी१ शिवाय निभाव लागत नाही. पण उमेदवार कमी असतात, कारण इंग्रजीवर भागवू पाहणारे सगळे बर्लिनच्या रांगेत उभे असतात. सातपूरच्या माणसाने ही दुसरी वाट धरावी असं माझं ठाम मत आहे.

जाहिरात वाचायला शिका

एक रविवार काढा आणि फक्त जाहिराती वाचा. अर्ज करू नका. जर्मन रोजगार खात्याचं, म्हणजे बुंडेसआगेंटूर फ्युर आर्बाइटचं जॉब पोर्टल आहे, स्टेपस्टोन आहे, लिंक्डइन आहे. परदेशी लोकांसाठी जर्मन सरकारचीच मेक इट इन जर्मनी ही साइट आहे, व्हिसाची माहिती तिथूनच घ्या.

शोधताना पीएलसी टाकलंत तर थोडंच हाती लागेल. जर्मनीत पीएलसीला एसपीएस म्हणतात. ती तीन अक्षरं टाका आणि यादी किती लांबते ते बघा. कमिशनिंगला इनबेट्रीबनामे, कंट्रोल पॅनेलला शाल्टश्रांक, सर्किट डायग्रामला शाल्टप्लान, फॉल्टला श्टोरुंग. एवढ्या शब्दांवर शोध सुरू होतो.

मग भाषेची अट बघा. ती बहुधा ए१-बी१ अशी लिहिलेली नसते, शब्दांत असते. ग्रुंडकेन्टनिसे म्हणजे तोंडओळख चालेल. गूटे डॉइचकेन्टनिसे म्हणजे चांगली जर्मन. बी१-बी२ असेल तर अर्ज करून बघावा. फ्लीसेंड म्हणजे अस्खलित. फेरहांडलुंग्सझिशर म्हणजे ग्राहकाशी सौदा करता येईल इतकी. ती जाहिरात सध्या सोडून द्या. फॉन फोर्टाइल असं जिथे लिहिलंय ती गोष्ट असली तर बरं, नसली तरी अडत नाही. राइझेबेराइटशाफ्ट म्हणजे प्रवासाची तयारी. कमिशनिंगच्या नोकरीत महिन्यातले निम्मे दिवस बाहेर जाऊ शकतात. लेकरं लहान असतील तर हे आधीच घरात बोलून घ्या. आणि जाहिरातच पूर्ण इंग्रजीत असेल, तर ऑफिसातही बहुतेक इंग्रजीच चालणार हे समजून चाला.

वाचता वाचता जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते वहीत उतरवा. हाच तुमचा अभ्यासक्रम. वर्गातल्या पुस्तकात हान्स सुट्टीला इटलीला जातो आणि आइस्क्रीम खातो. तेही शिका, परीक्षेला लागतं.

पदवीचं बघून घ्या

हे काम घरबसल्या होतं, म्हणून लगेच उरका. अनाबिन नावाच्या जर्मन डेटाबेसमध्ये तुमचं विद्यापीठ आणि तुमची पदवी दोन्ही शोधा. नाशिकच्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांची पदवी पुणे विद्यापीठाची असते, म्हणून विद्यापीठाचं नाव टाका, कॉलेजचं नको. 'सावित्रीबाई फुले' हे नाव २०१४ मध्ये जोडलं गेलं. त्याआधीच्या पदवीवर जुनं नाव असेल, तेही टाकून बघा. विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा हवा. पदवी सापडली नाही, तर झेडएबी या सरकारी संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याची फी २०८ युरो आहे.

ईयू ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांना तिथे राहून नोकरी करायच्या परवान्यासाठी, पगाराची किमान मर्यादा असते आणि ती दर जानेवारीला बदलते. २०२६ साठी ती वर्षाला ५०,७०० युरो आहे. इंजिनिअर आणि आयटीसारख्या, माणसं कमी पडणाऱ्या व्यवसायांना, तसंच पदवी घेऊन तीन वर्षं न झालेल्यांना ४५,९३४.२० युरो. आयटीवाल्याकडे पदवी नसेल पण गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव असेल, तर त्यालाही ब्लू कार्ड मिळू शकतं.

डिप्लोमावाल्यांना कोणी हे सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा ब्लू कार्डला चालत नाही, पण मार्च २०२४ पासून अनुभवी कामगारांसाठी वेगळी वाट आहे: स्वतःच्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा संबंधित अनुभव, आणि २०२६ च्या हिशेबाने वर्षाला किमान ४५,६३० युरोंची ऑफर. शॉप फ्लोअरवरचे माझे काही उत्तम विद्यार्थी डिप्लोमावालेच आहेत.

चान्सनकार्टे, म्हणजे तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधण्याचा परवाना, जून २०२४ मध्ये आला. शिक्षण, अनुभव, भाषा अशा गोष्टींना गुण असतात, त्यांत सहा लागतात, आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती महिन्याला १,०९१ युरो होती, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांच्या वर. पहिली मुलाखत आज नाशकात बसून व्हिडिओवर होते. एवढे पैसे अडकवायच्या आधी इथूनच जोर लावा.

भाषा

ब्लू कार्डासाठी कायद्याने जर्मनचं प्रमाणपत्र लागत नाही. अट असते ती कंपनीची. पुढे कायम वास्तव्यासाठी मात्र फरक पडतो: ब्लू कार्डवाल्याला ए१ असेल तर २७ महिन्यांनी, बी१ असेल तर २१ महिन्यांनीच अर्ज करता येतो.

बी१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात असा ग्योथे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. शिफ्ट सांभाळून म्हणजे वर्ष-दीड वर्ष. कॉलेज रोडवर "तीन महिन्यांत बी१" असे फलक दिसतात. दुरून नमस्कार करावा. क्लास निवडताना एक तास मागे बसू द्या म्हणून सांगा आणि एवढंच बघा की त्या तासात बोलतंय कोण. शिक्षकच बोलत असेल तर उठून या.

मराठी माणसाने जर्मन इंग्रजीतून शिकू नये. तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी माध्यमवाले घाबरतात. आपण तो-ती-ते जन्मापासून करतोय. कुठल्या शब्दाला कुठलं लिंग ते मात्र जुळत नाही, म्हणून शब्द पाठ करताना लिंग दाखवणाऱ्या डेर-डी-डास सकटच करा, नुसता शब्द पाठ केलेला धरू नका. आकडे एकवीस, बत्तीस असे, एकक आधी, जर्मनही तसेच बोलतात. फोनवर कोणी पार्ट नंबर सांगत असेल तर डोक्यात मराठी ठेवा, इंग्रजी ठेवलंत की बत्तीसचे तेवीस होतात. "वाइल डी पुंपे निश्ट लॉइफ्ट", कारण पंप चालत नाही: क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं, तिथे सवय करावी लागते. यू वर दोन टिंबं असली की ओठ 'ऊ'चे ठेवायचे आणि आवाज 'ई'चा काढायचा. आरशासमोर करा, घरचे हसतील.

आता कामाची जर्मन. यावर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवते. रोज शिफ्ट संपल्यावर वहीत जर्मनमध्ये चार ओळी लिहा: काय बंद पडलं, कारण काय निघालं, मी काय केलं, आता काय स्थिती आहे. "कन्व्हेयर थांबला. प्रॉक्सिमिटी सेन्सरची वायर तुटली होती. मी वायर बदलली. लाइन चालू आहे." सुरुवातीला शब्दकोशात पाहून लिहाल, वाक्यं वेडीवाकडी होतील, होऊ देत. महिन्याभरात तुमच्या कामाला लागणारी क्रियापदं आपसूक फिरून फिरून येतात, आणि भूतकाळ घट्ट बसतो, कारण शिफ्ट रिपोर्ट सगळा भूतकाळातच असतो. मग त्याच ओळी न बघता मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. मुलाखतीत विचारतात ते हेच: एखादा अवघड फॉल्ट सांगा, कसा शोधलात. ज्याच्याकडे अशी वही असते त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. बी२ ची पुस्तकं संपवलेला, पण "फ्यूज उडाला" म्हणता न येणारा माणूस मी पाहिलाय.

तुमच्या शॉपमध्ये जर्मन बनावटीचं मशीन असेल तर त्याचं मॅन्युअल आणि शाल्टप्लान जेवणाच्या सुट्टीत चाळा. शब्द उतरवा, पण ड्रॉइंगचे फोटो काढून घरी नेऊ नका. ते कंपनीचं आहे, आणि असल्या बाबतीत जर्मन माणूस फार कडक असतो.

ऐकण्यासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा निकोस वेग हा ए१ ते बी१ चा कोर्स फुकट आहे. त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या बसमध्ये ऐकायला उत्तम. एक सावधगिरी: श्टुटगार्टच्या बाजूला श्वाबियन बोली आहे, 'निश्ट'चं 'नेट' होतं आणि बाकीचं गिळलं जातं. पहिले काही आठवडे आपण जर्मन शिकलोच नाही असं वाटतं. ते सगळ्यांना वाटतं, हॅनोव्हरहून आलेल्या जर्मनांनासुद्धा.

परीक्षा पुण्यात किंवा मुंबईत मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूटच्याच इथल्या शाखेत द्यायची. बी१ चे चार भाग आहेत: वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ६०, आणि जोडीदारासोबत साधारण १५ मिनिटं बोलणं. प्रत्येकात शंभरपैकी ६० हवेत. भाग वेगवेगळे देता येतात, राहिलेला नंतर देता येतो. नोंदणी सुरू झाली की जागा पटकन भरतात, तारखेवर नजर ठेवा. मुंबईची असेल तर पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटी आणि तिथून काळा घोड्याला चालत. पुण्याची सकाळची असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. चाकणच्या ट्रॅफिकवर भरवसा ठेवून परीक्षा द्यायची नसते.

कागद

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे लगेच कळेल: युरोपला माल जातो तेव्हा गोडी कितीही असो, सोबत प्लॉटचा नंबर आणि औषधांच्या अंशाचा रिपोर्ट नसेल तर कंटेनर हलत नाही. तुमचंही तसंच आहे. सीव्हीत जे लिहाल त्याला कागद हवा.

सीव्ही दोन पानांचा, तक्त्यासारखा, अलीकडचं काम सर्वांत वर. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट नंबर, "वरील माहिती खरी आहे" ही प्रतिज्ञा, सगळं काढून टाका. "मेंटेनन्स सांभाळला" एवढ्याने भागत नाही. कोणता पीएलसी, कोणतं सॉफ्टवेअर, किती मशिनांची लाइन, तुम्ही स्वतः काय लिहिलंत किंवा बदललंत ते लिहा. भाषेची पातळी खरी लिहा, पहिल्या फोनवरच कळते.

आपल्याकडच्या अनुभवपत्रात दोन तारखा आणि "पुढील वाटचालीस शुभेच्छा" एवढंच असतं. जर्मन कंपनीला आर्बाइट्सत्सॉयग्निस बघायची सवय असते, त्यात कामं सविस्तर असतात. म्हणून राजीनामा द्यायच्या आधी, संबंध गोड असतानाच, आपल्या कामांचा इंग्रजी मसुदा तयार करून एचआरकडून लेटरहेडवर सहीशिक्क्यासह घ्या. नंतर फोन उचलत नाहीत.

मुलींनी आणखी एक बघावं. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, अनुभवपत्र तिसऱ्याच स्पेलिंगने, असं सर्रास असतं. महापालिकेचं विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा, आणि नोकरी शोधायच्या मधोमध नाव बदलायला जाऊ नका.

मुलाखत आणि पगार

तिकडच्या उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेबारा किंवा दीड. फर्स्ट शिफ्टवाल्याने सरळ लिहावं की तीननंतर जमेल, त्यात काही वावगं नाही. दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी लिंक उघडून बसा.

मुलाखत जर्मनमध्ये सुरू होते. अडलात तर "हे इंग्रजीत सांगू का" असं जर्मनमध्येच विचारा आणि सांगून झाल्यावर परत जर्मनवर या. त्या परत येण्याला मोल असतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आपल्याला वरिष्ठांपुढे "हो सर, करतो" म्हणायची सवय आहे. तिथे ते हो पक्कं धरतात आणि पुढच्या आठवड्यात विचारतात.

पगार वर्षाचा आणि ढोबळ, म्हणजे ब्रुटो विचारतात. महिन्याचा आकडा सांगू नका. एकट्या माणसाच्या हातात कर आणि विमे कापून साधारण साठ-पासष्ट टक्के येतात. युरोला रुपयाने गुणून घरी पेढे वाटू नका. आधी त्या गावातलं घरभाडं बघा. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर पहिल्याच बोलण्यात सांगा. तिकडेही तीन महिन्यांची नोटीस नवी नाही, ते थांबतात.

ऑफर देऊन "प्रोसेसिंग फी" मागणारी कंपनी ही कंपनी नसते. एजंटामार्फत जात असाल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कोणी चार लाख सांगत असेल तर पुढचं ऐकायला बसू नका.

निघण्यापूर्वी

व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर, महाराष्ट्रासाठी वकिलात मुंबईची. यादीप्रमाणे कागद लावले की यात बुद्धी चालवण्यासारखं काही नाही.

लहान गावातली नोकरी असेल तर गाडी लागतेच. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यावर सहा महिने चालतं, नंतर तिथली लेखी आणि गाडीची परीक्षा द्यावी लागते. ती महाग असते आणि वेळखाऊही, तेव्हा पहिल्या महिन्यापासून मागे लागा.

ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसासाठी ए१ चं बंधन नाही. म्हणून बहुतेक जण जोडीदाराला न शिकवताच नेतात. तुम्हाला निदान कंपनीत माणसं भेटतात; बालवाडीतल्या बाईंशी, डॉक्टरच्या रिसेप्शनवर, शेजारच्या आजीशी बोलायचं असतं ते घरातल्या माणसाला, आणि लहान गावात ते सगळं जर्मनमध्ये. दोघांनी एकाच बॅचला बसावं. घरी स्वयंपाक करता करता सराव होतो, भांडणंसुद्धा जर्मनमध्ये करता येतात. दोघांची फी एकदम भरली तर मी सवलत देते. इतर वर्गही देतात, विचारून बघा.